टाचण्यांचा पट्टा

शिंपीमास्तर कापडाच्या ठाणासकट दुकानाच्या जिन्यावरून गडगडले. डोक्यात रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण महिन्याभरात त्या बडबड्या माणसाची बोलती बंद झाली. पाय उचलेनात, लघवीचं भान राहीना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूत रोज पाणी तयार होतं आणि जिरतं. मार लागल्यापासून यांचं जिरत नाही, ते तुंबून मेंदूला दाबतंय. मग डाव्या कानामागून पोटापर्यंत कातडीखालून नळी घातली. कानामागे बटणाएवढी झडप. पाणी किती सोडायचं, ते बाहेरून चुंबकाने ठरवायचं.

"दुसरं चुंबक डोक्याजवळ नको हं, ताई," बाईंनी बजावलं. बायकोने दुकानातला रेडिओ शेजारी देऊन टाकला, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला.

तीन आठवड्यांत मास्तर दुकानात! तिने कापलेली बाही वर धरून म्हणाले, "ही माणसाची की हत्तीची?" ती हसता हसता रडली. हॉस्पिटलच्या पिशवीतून तिने त्यांचा पट्टा काढला आणि डाव्या मनगटावर स्वतः बांधला. वीस वर्षं टाचण्या त्यालाच चिकटत आलेल्या.

"आता कसे पुरते दिसताय!"

दुपारी जेवून मास्तर कापायच्या टेबलावर लवंडायचे, डावा हात डोक्याखाली घेऊन. जुनीच सवय.

पुढच्या दोन महिन्यांत पाय पुन्हा घासटू लागले. बोलणं आटलं. पँट ओली झाली तेव्हा ती खेकसली, "अहो, नाटकं पुरे झाली!" हे ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

शेवटी ती त्यांना घेऊन बाईंकडे गेली. "झडप हललीय," बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मनगटाकडे गेलं. त्यांनी टेबलावरची कागदाची पिन जवळ नेली. ती टुणकन पट्ट्याला चिकटली.

"झोपताना हा हात कुठे असतो?"

तिने आपलाच तळवा आपल्या कानाखाली ठेवून दाखवला.

बाईंनी झडप जागेवर आणली. "पण मेंदू फार दिवस दबलाय. फार आशा धरू नका."

तिने धरली. महिना गेला, दुसरा गेला. मास्तर खुर्चीत बसून उजव्या हाताने डावं मनगट चाचपत राहिले.

एका दुपारी स्वच्छ आवाज आला, "माझा पट्टा कुठाय?"

ती धावत आली. हाच आवाज ऐकायला तिचे कान आसुसले होते. पट्टा तिने केव्हाच कचऱ्यात फेकला होता.

"हरवला हो."

"शोध ना."

ती टेबलाखाली वाकली आणि शोधू लागली. त्यापुढे मास्तर दुसरं काही बोलले नाहीत. रोज दुपारी एवढंच विचारतात. आणि ती रोज टेबलाखाली वाकते.