निकोल्दानच्या पावांचा फोन

देसांकाचा पाय मोडला तो निकोल्दानच्या, म्हणजे संत निकोलाच्या सणाच्या, बरोबर बारा दिवस आधी, बेकरीच्या मागच्या पायरीवरच्या बर्फात. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि मुलगी रुझित्सा तिला वाल्येवोहून नोवी सादला आपल्या घरी घेऊन गेली.

पायापेक्षा तिला दुसरंच दुखत होतं. कोलाच म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी कापायचा नक्षीदार गोल पाव. अर्ध्या गावाचा संत निकोला, आणि अडतीस वर्षं त्या पावांच्या मागण्या देसांकानेच फोनवर घेतल्या होत्या. आधी चकतीचा काळा, जड फोन होता. रिसीव्हर खांद्यात दाबायचा आणि हात पिठात. वहीत नुसती नावं. कुणाच्या पावावर द्राक्षं, कुणाच्या कणसं, कुणाकडे यंदा मयत झालं म्हणून पिठाचे पक्षी नकोत, हे सगळं तिच्या डोक्यात. आता ते डोकं नोवी सादच्या पलंगावर पडून होतं. त्यात समोर नवीन सुपरमार्केट उघडलं होतं. तिथे साच्यातून काढल्यासारखे कोलाच मिळत.

"आत्या, काळजी करू नकोस," भाचा राडिशा म्हणाला. बेकरी आता तोच चालवायचा. "दुकानाचा फोन मी क्लाउडवर टाकलाय. नंबर तोच."

"ढगात? अरे, तारेवरचा धड वाजत नव्हता, तो तू ढगात टांगलास?"

"तारेची गरजच नाही आता. इंटरनेटवरून येतो. आपण म्हणू तिथे वाजतो."

पहिल्या दिवशी त्याने यंत्राचा आवाज लावला: पावासाठी एक दाबा, केकसाठी दोन. दुपारपर्यंत चाळीस जणांनी फोन ठेवून दिले. म्हातारी वुकोसावा तर काठी टेकत दुकानात आली. "मी काय लिफ्टमध्ये उभी आहे, बटणं दाबायला? देसा कुठाय?" "येईल ती," म्हणून राडिशाने वेळ मारून नेली.

संध्याकाळी राडिशाचा आवाज पडला होता. "लोक यंत्राशी बोलत नाहीत गं. तूच घेशील का मागण्या?"

"इथून?"

"तिथूनच. फोन तुझ्याकडे वळवतो. तू बोलत असलीस तर दुसरा आधी तुझ्या कानात टूं-टूं करेल, मग माझ्याकडे येईल. आणि सगळं बोलणं साठून राहतं, विसरलीस तर परत ऐकता येईल."

"मी विसरेन? तुझं बारसं आठवतंय मला, गाढवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोबाइल वाजला. देसांकाने उगाचच डोक्याचा रुमाल नीट केला. "बेकरी, बोला."

"देसा! अगं काल कुणी बया बटणं दाबायला सांगत होती!"

"हाकलली तिला. तुझा द्राक्षांचाच ना?"

मग फोन थांबेचना. रुझित्सा शेजारी बसून लिहून घेई, आणि ते लगेच राडिशाच्या पडद्यावर उमटे. पूर्वी एकाचं बोलणं चालू असलं की बाकीचे तासभर शिव्या घालत. आता कुणी ताटकळलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्पासोयेचा फोन आला. "नेहमीचाच, देसा. तीन पक्षी."

देसांकाने रुझित्साला लिहिताना थांबवलं. "स्पासोये, पक्षी? तुझी आई गेली ना ऑगस्टमध्ये."

"हो गं. सवयीनं बोललो. पक्षी नकोत." मग म्हणाला, "समोरच्या दुकानात हे कुणी विचारलं नसतं."

सणाच्या आदल्या दिवशी रस्ता खोदणाऱ्या यंत्राने गल्लीतली तार तोडली. सुपरमार्केटसकट गल्लीतल्या सगळ्या दुकानांचे फोन मुके झाले. बेकरीचा नंबर मात्र नोवी सादला वाजतच राहिला. दुपारी राडिशाने मोबाइलवरून ओरडून सांगितलं, "दोनशे बारा कोलाच, आत्या! गेल्या वर्षी एकशे साठ होते! भट्टी पुरत नाहीये!"

तेवढ्यात वुकोसावाचा फोन. "देसा, कोलाच न्यायला येते आहे. कॉफी टाक."

"टाकते. पण नोवी सादपर्यंत यावं लागेल. पलंगावर आहे मी, पाय मोडून."

"म्हणजे एवढे दिवस..."

"इथूनच."

"अगं भवाने! आम्हाला वाटलं गल्ल्यावर बसलीयेस." वुकोसावा हसत सुटली. "पुढच्या वर्षी समुद्रावर जाऊन बस हवं तर. पण फोन तूच उचलायचास, कळलं?"

देसांका उत्तर देणार, तोच कानात दुसऱ्या फोनची टूं-टूं सुरू झाली. तिने प्लास्टरचा पाय उशीवर आणखी वर घेतला आणि म्हणाली, "बये, ठेव आता. गिऱ्हाईक आलंय."