उसना दिलेला आवाज

लुसुंगूला अलीकडे स्वतःच्याच आवाजाची धास्ती वाटू लागली होती. सरोवराकाठच्या न्खाता बे गावच्या बाजारातून जाताना कुणाच्या ना कुणाच्या फोनमधून तो कानावर पडायचाच. मासळीला आज कुठे भाव आहे, कसाव्याच्या पानांवर डाग पडले तर काय करायचं, सरोवरावर वारा कसा आहे, सगळं तीच सांगत होती. आणि त्यातलं एकही वाक्य तिने कधी उच्चारलेलं नव्हतं.

ती इथल्या रेडिओवर बातम्या वाचायची. देश पुढे न्यायचा तर कृत्रिम बुद्धिमत्ता कोळ्या-शेतकऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे, तीही त्यांच्या टोंगा बोलीत, असं वर ठरलं. मग राजधानीत, लिलोंग्वेच्या एका बंद खोलीत, तिच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. पुढची वाक्यं यंत्र तिच्याच आवाजात आपलं आपण जुळवू लागलं. लोक खूश होते. तिचा भाऊ योतामू तर रोज फोनला विचारल्याशिवाय होडी काढत नसे.

त्या सकाळीही त्याने किनाऱ्यावर विचारलं.

"दुपारपर्यंत वारा मंद राहील," फोनमधली लुसुंगू म्हणाली.

खरी लुसुंगू शेजारीच उभी होती. "योतामू, दक्षिणेला पाणी बघ कसं काळवंडलंय."

"तूच म्हणतेस जा, तूच म्हणतेस नको जाऊ. आधी तुम्ही दोघी काय ते ठरवा!" तो हसला आणि होडी लोटून निघूनही गेला.

तिला चैन पडेना. तिने आपल्या फोनवर विचारलं, "नक्की ना?"

"नक्की. निर्धास्त जा."

इतक्या ठामपणे ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती.

ऊन तापायच्या आत म्वेरा सुटला. दक्षिणेचा हा वारा उठला की सरोवराचा समुद्र होतो. होड्या एकेक करून धडपडत परतल्या. योतामूची दिसेना. न्याम्होने ही त्याची बायको ओल्या हातांनीच धावत आली.

"वन्सं, तुमचं ऐकून गेले ते!"

"अगं, ती मी नव्हते."

"आवाज तर तुमचाच होता ना?"

लुसुंगूने लिलोंग्वेला फोन लावला. योजनेचे साहेब, गोंडवे, शांतपणे म्हणाले, "तिथलं वारा मोजायचं यंत्र परवापासून बंद आहे, मॅडम. अशा वेळी फोनमधली ती अंदाजाने सांगते."

"मग माहीत नाही असं का सांगत नाही?"

"तसं सांगितलं की लोक पुन्हा फोन करत नाहीत. आम्हाला वर प्रगती दाखवावी लागते."

"माझा भाऊ पाण्यात आहे हो!"

तिने फोन बंद केला.

ती वाळूत येरझाऱ्या घालत राहिली. बसे, लगेच उठे. उन्हं कलल्यावर योतामू आला तो पाण्यातून नव्हे, शेजारच्या गावाकडून, पायी. उलटलेल्या होडीला धरून तो तिकडे वाहत गेला होता. होडी फुटली, जाळं गेलं. न्याम्होनेने आधी त्याच्या पाठीत धपाटे घातले, मग गळ्यात पडून रडली.

"तू सांगत होतीस," तो लुसुंगूला एवढंच म्हणाला.

ती बोलावणं नसताना लिलोंग्वेला गेली आणि गोंडव्यांच्या दारात ठाण मांडून बसली. शेवटी त्यांनी आवाज टिपायची ती बंद खोली उघडून दिली. तिने 'मला माहीत नाही' हे हळू म्हटलं, ठासून म्हटलं, विनवून म्हटलं.

"वापरतील असं वाटत नाही," गोंडवे म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "बघतो."

त्यांनी शब्द टाकला असावा. योतामू भावकीतल्या कुणाची होडी मागून आणून पुन्हा जाऊ लागला होता. एका सकाळी फोन म्हणाला, "आजचा वारा मला माहीत नाही. यंत्र बंद आहे."

"मग हिचा उपयोग काय?" योतामूने वल्हं आपटलं. गेला मात्र नाही. बाकीचे गेले. दिवसभर पानसुद्धा हललं नाही आणि संध्याकाळी त्यांच्या होड्या उसिपाने, त्या चांदीसारख्या बारीक मासळीने, भरून आल्या. योतामू लुसुंगूकडे पाठ करून बसला. समोरच्या न्सिमाला, मक्याच्या त्या घट्ट उकडीला, त्याने हातही लावला नाही.

न्याम्होने म्हणाली, "राहू दे वन्सं, येईल ताळ्यावर."

लुसुंगूने मान हलवली. पण तिचा पाय घरात ठरेना. ती सारखी अंगणात जाऊन शांत पडलेलं पाणी बघून येत होती.