लुडबुड्याची दोरी आणि लाल्या

मित्रांनो, खेळण्यांच्या टोपलीत तळाशी पडलेली मी एक जुनी कापडी दोरी आहे. लुडबुड्या नावाच्या कुत्र्याचं मी पहिलं खेळणं. माझ्या मत्सराची हकिगत सांगायला मला लाज वाटते, पण खोटं बोलून मी काय मिळवू?

माझा जन्म शिंपीणबाईंच्या शिलाई मशीनशेजारी झाला. त्यांचा थोरला मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आणि लुडबुड्याचं घरात मनच लागेना. तो दिवसभर दाराशी बसून राही. चपला कुरतडी, नाहीतर स्वतःचा पंजा चाटून चाटून लाल करी. एकदा त्याने गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाची बाही फाडली. तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, की याला आता कुणाला तरी देऊन टाकते. धाकटी मुलगी रडू लागली. शेवटी दोघी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

त्यांनी त्याचे दात, कान, पोट सगळं तपासलं. मग म्हणाल्या, "हा वाईट नाही हो. याला करमत नाही. याच्या तोंडाला आणि डोक्याला काहीतरी काम द्या."

त्याच दुपारी बाईंनी जाड कापडाच्या पट्ट्या कापल्या, तीन पेडांची घट्ट वेणी घातली आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. अशी मी तयार झाले.

काय दिवस होते ते! रोज संध्याकाळी माझं एक टोक धाकटीच्या हातात, दुसरं लुडबुड्याच्या दातांत. तो लटकंच गुरगुरे. शेपूट मात्र गरगर फिरत असे. ओढून ओढून दमला, की माझ्यावर हनुवटी टेकून गाढ झोपे. त्याचा पंजा बरा झाला, चपला शाबूत राहू लागल्या. चिंध्यांनी कुत्रा सुधारला, असं बाई शेजारणींना कौतुकाने सांगत. मी फुगून जाई.

आणि मग लाल्या आला. गुळगुळीत, पोटाला भोक असलेला लाल रबरी चेंडू. धाकटी त्यात बिस्किटांचा चुरा ठासून भरी आणि अभ्यासाला बसे. लुडबुड्या तासभर त्याला चाटी, उलटापालटा करी, आतला चुरा कसा निघेल याचा विचार करी. माझ्याकडे ढुंकूनही पाहीना. माझा जीव नुसता जळत होता. एवढं काय होतं त्याच्यात? पोटात खाऊ, म्हणून एवढा मान! तो फुटावा, हरवावा, असं मी रोज मनात म्हणत असे.

एके दिवशी तो खरंच घरंगळत जड कपाटाखाली गेला. लुडबुड्याने नाक खुपसलं, पंजा घातला, पण तो काही निघेना. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. लुडबुड्या मला तोंडात धरून बाईंकडे गेला. त्यांच्या हातात काम होतं; त्यांनी पायानेच त्याला बाजूला सारलं. मग तो धाकटीकडे गेला. तिने वहीतून मान वर न करता त्याला नंतर यायला सांगितलं. त्याने मला जमिनीवर ठेवलं, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पंजा चाटायला सुरुवात केली. चाटता चाटता तो चावू लागला.

मित्रांनो, मी हातभर अंतरावर पडले होते आणि मला काहीच करता येत नव्हतं. लाल्या त्याला एकटेपणात सांभाळत होता. मला मात्र दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. तो नसेल, तर मी नुसती चिंधी.

एवढ्यात धाकटीचं लक्ष त्या पंजाकडे गेलं. तिने वही मिटली. फूटपट्टीने लाल्याला बाहेर ओढलं, पण तो लगेच दिला नाही. ती जमिनीवर बसली आणि माझी गाठ मुठीत घेऊन म्हणाली, "ये, ओढ."

तेव्हापासून घरातली माणसं कामात असली की लाल्या, आणि संध्याकाळी मी. माझा हेवा गेला का? नाही. बिस्किटांचा वास आला की मी अजूनही जळते.

आता माझे धागे सुटू लागले आहेत. ते लुडबुड्याच्या पोटात जाऊ नयेत, म्हणून बाई नवी दोरी विणत आहेत. तिचाही मला आतापासूनच हेवा वाटतो. तरी तुम्हाला विनवते, तुमच्या घरी असा मुका सोबती असेल, तर त्याला खेळणी द्या, ती धुऊन ठेवा, झिजली की बदला. आणि तो दोरी घेऊन तुमच्यापाशी आला, तर थोडा वेळ खाली बसा. दुसरं टोक धरा.