तादियाचा पट्टा

आमच्याकडे स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाला, कुणी कुणाला बोलावत नाही. कुठल्या घराण्याच्या संताचा दिवस कधी, हे सगळ्या गावाला पाठ असतं. येईल त्याला आत घ्यायचं, गोड उकडलेल्या गव्हाचा एक चमचा द्यायचा, वाइन ओतायची. दारातून कुणाला परत पाठवायचं नाही. घरधनी दिवसभर उभ्यानेच वाढतो. देवाचे आभार मानायचा दिवस, तेव्हा बसायचं कसलं? माझा डावा पाय गुडघ्याखाली लाकडी आहे, पण बसायची सूट मी कधी मागितली नाही. तेवढा माज अंगात आहेच.

पाय गावातल्याच तादियाने तोडला. चार वर्षांपूर्वी त्याच्या कुत्र्याने माझी तीन कोकरं फाडली. मी बंदूक घेऊन त्याच्या अंगणात गेलो आणि कुत्र्याला त्याच्यादेखत गोळी घातली. तो लाकडं फोडत होता, कुऱ्हाड हातात होतीच. पहिला घाव नडगीवर बसला, दुसराही तिथंच. हाड फुटल्याचा आवाज आधी आला, दुखणं मागून आलं.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं खरं काय, ते फक्त आम्हा दोघांना. रक्ताची चिळकांडी बघून तादियाने कुऱ्हाड टाकली. कमरेचा पट्टा काढून माझ्या मांडीला आवळला. भोकं पुरेनात, तेव्हा चाकूच्या टोकाने नवं भोक पाडलं. रडत आणि मला शिव्या घालत त्याने मला गाडीत टाकलं आणि इस्पितळाच्या फाटकाशी सोडून पळाला. कोर्टात त्याने हे सांगितलं. मी म्हणालो, साफ खोटं. शपथेवर सांगितलं की मी स्वतः सरपटत रस्त्यापर्यंत गेलो, तिथून कुणा वाटसरूने नेलं. इस्पितळातून लपवून आणलेला पट्टा तेव्हा माझ्या घरात, पिठाच्या पेटीच्या तळाशी होता. तादियाला चार वर्षं ठोकली.

इस्पितळात फादर इलियांनी मला एक सवय लावून दिली होती. रोज सकाळी संत जॉर्जच्या तसबिरीपुढे उभं राहून तीन गोष्टींचे आभार मानायचे. त्यांना वाटलं, राग निवेल. मी एक दिवस चुकवला नाही. स्तामेनासारख्या बायकोचे मानले, प्लमच्या झाडांचे मानले, डुकरिणीचे मानले. एकदा तर बुटाचे मानले, एकच लागतो म्हणून. चार वर्षांच्या सगळ्या सकाळी गेल्या, पण तादियाचं नाव एकदाही घेतलं नाही. यंदा स्लावाच्या सकाळी दोनच गोष्टी झाल्या, तिसरी जिभेवर येईना. तादिया सुटल्याचं आदल्या दिवशी कळलं होतं.

दुपारी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मेणबत्ती लावली. फादर आणि मी सणाची भाकरी चार हातांत धरून फिरवत होतो, आता ती कापायची, एवढ्यात दार उघडलं आणि तादिया आत आला. वाळून काटकी झाला होता. विजार सुतळीने बांधलेली.

"स्लावा..." एवढंच तो म्हणाला. माझा भाऊ ग्वोझ्देन भाजलेलं डुक्कर कापत होता, तो उठून उभा राहिला.

"विदोये, हा इथं कसा?"

"स्लावा आहे," फादर म्हणाले. "येऊ दे त्याला."

"येऊ दे ना. दुसरा पायही घेऊन जाऊ दे," ग्वोझ्देन म्हणाला.

"मी जेवायला नाही आलो," तादिया म्हणाला. "माझा पट्टा न्यायला आलोय."

"अजून तेच पट्ट्याचं खोटं? तुरुंगात डोकं फिरलं काय तुझं?"

"विदोयेला विचार."

वीस जणांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायची ती वेळ होती आणि मी म्हणालो, "मला काय ठाऊक."

ग्वोझ्देनने वाइनची बाटली त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दोन दात गव्हाच्या ताटात पडले. तादियाने हात उचलला नाही, आणि त्यानेच ग्वोझ्देन जास्त पिसाळला. त्याने त्याला केसांना धरून भिंतीवर आपटलं, खाली पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या. फादर मध्ये पडले, तर त्यांनाही कोपर बसलं. पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते. त्यातले निम्मे मनातून खूश होते, मला त्यांचे चेहरे दिसत होते.

ग्वोझ्देनने चुलीतली सळी उचलली. तादियाने डोक्यावर हात धरला, आणि हाताचं हाड मोडलं. तो आवाज मी ओळखला.

स्तामेना पिठाच्या पेटीपाशी उभी होती, हात झाकणावर ठेवून. ती माझ्याकडेच बघत होती. चार वर्षं त्या पेटीतलं पीठ काढणारी बाई ती, तिला ठाऊक नसेल कसं? पण ती झाकण उघडणार नव्हती. ते माझ्यावर होतं.

मी ग्वोझ्देनला मागून धरलं. त्याने झटका दिला, लाकडी पाय निसटला आणि मी आडवा झालो. सळी पुन्हा वर गेली. उठायला वेळ नव्हता. मी सरपटत निघालो, फुटक्या काचांवरून, पेटीपर्यंत. कोर्टात जे सरपटणं शपथेवर खोटं सांगितलं होतं, ते आज वीस जणांसमोर खरं करत होतो. स्तामेनाने झाकणावरचा हात काढला. मी पिठात खांद्यापर्यंत हात घातला आणि पट्टा ओढून काढला.

"थांब," मी ओरडलो. "ह्यानेच मला वाचवलं. कोर्टात खोटं मी बोललो."

ग्वोझ्देनने पट्टा हातात घेतला. पीठ झटकल्यावर खाली माझं काळं पडलेलं रक्त होतं, आणि भोकांच्या रांगेपासून वीतभर दूर, चाकूने वेडंवाकडं पाडलेलं एक भोक. त्याने बराच वेळ त्या भोकाकडे बघितलं. मग सळी टाकली आणि माझ्या थोबाडीत मारली, सगळा जोर लावून.

"तुझ्यापायी आज मी माणूस मारला असता," तो म्हणाला आणि रडत बाहेर गेला.

तादिया भिंतीला धरून उभा राहिला. मोडलेला हात लोंबत होता. पट्टा विजारीत घालायला गेला, पण एका हाताने जमेना. मी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलो, सुतळी सोडली आणि पट्टा एकेका फाशातून ओवून दिला. मला लाज वाटत होती, आणि इतकी वर्षं अडकलेलं काहीतरी छातीत सुटत होतं.

"मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे, तादिया," मी म्हणालो. "तुझे आभार मानतो."

"मला नकोत," तो म्हणाला. तोंडातून रक्त येत होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "जज्जासमोर मान."

"उद्याच जातो."

"तुला आत टाकतील."

"टाकू देत."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत क्षमा वगैरे काही नव्हतं. आधी इस्पितळ, असं म्हणून फादर गाडीची किल्ली शोधू लागले. स्तामेनाने आत ठेवलेलं गव्हाचं दुसरं ताट आणलं. मी चमचा भरून धरला. जमिनीवरून उठायला मला त्याच्याच चांगल्या हाताचा आधार घ्यावा लागला, आणि त्याने तो दिला.

फाटक्या ओठांनी त्याने गहू घेतला. दात नव्हते त्या बाजूने चावता येईना, तसाच गिळला.

"स्लावा शुभ असो, घरधनी," तो म्हणाला.