मधलीचा मालक

ज्या वर्षी आमच्या धाकट्या लेकीचे पुढचे दोन दात पडले, त्या वर्षी आमच्या ह्यांनी स्वतःचा ट्रक घेतला. त्याआधीची अर्धी हयात लीजच्या गाड्यांवर गेली होती.

लीजची गाडी म्हणजे कंपनीची गाडी. दरमहा भाडं भरायचं, माल आपण मिळवायचा, पण तिला आपली म्हणायचं नाही. कॅबिनमध्ये खिळा ठोकायचा नाही, काचेवर काही चिकटवायचं नाही. बॉनेटला कंपनीचं सील असे. काही वेगळा आवाज आला की गाडी कडेला घ्यायची, कंपनीला फोन लावायचा आणि त्यांचा मिस्त्री येईपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून बसायचं. मुदत संपली की गाडी यार्डात परत. तिथले यार्डसाहेब बॅटरीचा झोत टाकत तिच्याभोवती ओरखडे शोधत फिरायचे आणि हे त्यांच्या मागे, वही तपासून घेणाऱ्या पोरासारखे. मग एका पिशवीत उशी, थर्मास आणि रेडिओ भरून बसने घरी.

शेवटची गाडी परत करून हे घरी आले. जेवताना म्हणाले, "तिचा तिसरा गिअर थोडा अडायचा. नव्या माणसाला सांगायला हवं होतं."

तेव्हाच मी ओळखलं की आता हे ऐकायचे नाहीत.

घर बांधायला म्हणून आम्ही गावाबाहेर थोडी जागा घेऊन ठेवली होती. तेवढीच आमची पुंजी. ती विकून जुना ट्रक घ्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मला विचारायला माझ्यासमोर येऊन बसले. कांदा चिरायला घेतला, म्हणजे विचारायचं काम मोठं होतं.

"गाडी बसली तर?" मी विचारलं.

"तर जागाही गेली आणि गाडीही."

"आणि चालली तर?"

"तर कुणी बॅटरी घेऊन माझ्यामागे फिरणार नाही."

मी म्हटलं, "मग घ्या. पण कांदा जरा बारीक चिरा."

माझा धाकटा भाऊही ट्रकच चालवायचा. त्याला सगळे बिनघोर म्हणत, कारण तो शब्द त्याच्या तोंडून दिवसातून दहादा निघायचा. त्याने कपाळाला हात लावला. "ताई, तू तरी समजाव गं. भाऊजी हत्ती पोसायला निघालेत. माझ्याकडे बघ. बिघडली की फोन, जुनी झाली की नवी. गादीवर पडलो की बिनघोर झोप."

"तुला झोप गाडी नसतानाही लागायची," हे म्हणाले.

यार्डसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक नवी कोरी गाडी दाखवून ठेवली. आत खालून वारा देणारी गादी, छोटा फ्रिज. म्हणाले, "हा हंगाम संपेपर्यंत ही तुमच्या नावाने थांबवतो. हौस फिटली की या."

गाडी घेतली ती एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून. डोळे अधू झाले म्हणून तो विकत होता. लांब नाकाची, जुन्या घडणीची, हिरवा रंग उन्हाने विटलेला. किल्ली देताना तो एवढंच म्हणाला, "सीटखाली नटबोल्टचे पाने आहेत. बाकी ही बोलते, तुम्ही ऐकत जा." मी कॅबिन धुऊन काढली. सीटच्या मागे काळ्या रबराचा एक गोल पट्टा सापडला. टाकून देणार होते, पण आमच्या अंथरुणाच्या वळकटीला तो असा चपखल बसला की दोरी सोडून मी तोच चढवला.

घरी दोन लेकी, थोरली आणि धाकटी. गाडीला काय म्हणायचं यावर दोघी भांडल्या, तेव्हा हे म्हणाले, "हिची जागा तुमच्या दोघींच्या मध्ये. ही मधली." धाकटीने लगेच विचारलं, "म्हणजे ती माझ्यापेक्षा मोठी?" त्याचा राग तिला बरेच दिवस होता.

पहिल्या लांबच्या फेरीला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आणि धाकटीही सोबत गेलो. थोरली आत्याकडे राहिली. मागे कागद कारखान्याची रिळं होती. मुकादमाने बजावलं होतं, माल वेळेत पोचला तर पुढचा हंगामभर काम तुम्हालाच. म्हणजे आमची विकलेली जागा त्या रिळांबरोबर ताडपत्रीखाली बांधलेली होती म्हणा ना.

घाट चढताना समोरून फटकन आवाज आला. मग वाफ निघाली. ह्यांनी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवला. सगळं शिस्तीत. मग दगडावर बसले, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

मला वाटलं, ओळखीच्या मिस्त्रीला विचारत असतील.

"घाटात आहे. वाफ येते आहे," ते म्हणाले. "हो, माणूस पाठवा."

फोनमधून बाईचा आवाज आला, "गाडी नंबर सांगा." ह्यांनी सांगितला. थोडा वेळ गेला. "ही गाडी आमच्याकडे दिसत नाही."

"कशी दिसत नाही? नीट बघा. माझ्यासमोर उभी आहे!"

"आमची नाही हो ती. कुणाची आहे?"

हे गाडीकडे बघायला लागले. तोंड उघडं, फोन कानाला. धाकटी माझ्या पदराशी उभी होती. पडलेल्या दातांतून वारा काढत ती ओरडली, "बाबा, ती आपली आहे!"

फोनवरच्या बाईलाही ते ऐकू गेलं असावं. ती हसून म्हणाली, "मग मालकांना सांगा, बॉनेट उघडा म्हणावं."

मी हसू दाबायला गेले आणि जास्तच फुटलं. ह्यांचे कान लाल झाले. उठले, गाडीपुढे जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं चाकामागे काढलेला माणूस, पण बॉनेटची खीळ कुठे असते हे हाताने चाचपून शोधावं लागलं. सील नव्हतं. उघडलं, तेव्हा आपोआप एकदा मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना!

नेमका तेवढ्यात बिनघोर मागून चढत आला. चकचकीत गाडी, आत गार हवा. खाली उतरला आणि सगळं कळल्यावर गुडघ्यावर थाप मारून हसला. "भाऊजी, कंपनीला फोन? परक्या घरी जेवायला बसून आईला हाक मारल्यासारखं झालं की!"

"हसून झालं असेल तर पाना धर."

"माझा कधी पान्याशी संबंध आला?" मग त्याचा आवाज उतरला. "हे बघा, मी रिकामाच चाललोय. रिळं माझ्या गाडीत टाका, खालून माणसं बोलावू. माल वेळेत पोचेल. हिला इथेच सोडा. यार्डसाहेबांनी ती गाडी अजून कुणाला दिलेली नाही, आजच सकाळी पाहिली मी."

खरंच भल्यासाठी सांगत होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धाकटीचा हात धरून बाजूला सरकले. जागा दोघांची होती, पण मधलीचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं होतं.

"रिळं जाणार ती मधलीतूनच," ते म्हणाले.

इंजिन निवेपर्यंत थांबले. मग आत वाकून हात घातला आणि तुटलेला काळा पट्टा ओढून काढला. "ह्याने पंखा फिरतो, पाणीही ह्यानेच फिरतं. पण दुसरा आणायचा कुठून?"

मी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. "अहो, असलाच एक आपल्या वळकटीला आहे."

धाकटी माझ्या आधी धावली. अंथरूण घाटातच उलगडलं. पट्टा तोच, मापाचा, कोरा. बिनघोर म्हणाला, "ताई, तुझ्या गादीत अजून काय काय आहे? एखादा टायर?"

बसवायला मात्र घाम निघाला. डायनामोचा बोल्ट ढिला करायचा, पट्टा पंख्याच्या पात्यांवरून आत घालायचा, मग डायनामो ओढून आवळायचा. ह्यांची बोटं सोलवटली. पहिल्यांदा गाडी सुरू केली तर पट्टा किंचाळला. बिनघोर तोंड उघडणार तोच ह्यांनी बोट उचललं. "थांब. ती बोलते आहे. सैल राहिला." पुन्हा उघडलं, पुन्हा आवळलं. पिण्याच्या कॅनमधलं सगळं पाणी तिला पाजलं. मग मधली अशी सुरू झाली की धाकटीने टाळ्या वाजवल्या.

वर जाईपर्यंत बिनघोर मागेच राहिला. त्याला केव्हाच पुढे जाता आलं असतं. माथ्यावर खाली उतरून म्हणाला, "चालते की म्हातारी!"

"म्हातारी नाही," धाकटी म्हणाली. "मधली."

माल वेळेत उतरला. तिथल्या सुताराकडून ड्रिल मागून ह्यांनी कॅबिनमध्ये एक भोक पाडलं आणि धाकटीचा कोट अडकवायला हुक लावला. चार गाड्या परत केल्या, एकीतही हे करता आलं नव्हतं. एक पाऊल मागे सरकून तो हुक त्यांनी असा न्याहाळला, जणू घराची वास्तूच उभी राहिली. पुढे रंगाऱ्याकडून दारावर 'मधली' लिहून घेतलं. मी अक्षरं उतारवयात शिकले, पण म, ध आणि ल मला त्या दारावरून आधीच ठाऊक होते.

मालकी स्वस्त पडते असं मी कुणाला सांगणार नाही. पुढे मधली दोनदा महिनामहिना दारात बसली आणि आम्ही हात आखडून दिवस काढले. बिनघोरची झोप मात्र शेवटपर्यंत मोडली नाही. पण तो निवृत्त झाला तेव्हा पिशवीत उशी आणि थर्मास घेऊन बसने घरी आला. आमच्या ह्यांनी निवृत्त होताना किल्ली धाकटीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही बोलते. ऐकत जा."

बिनघोर गेला तो थोरलीच्या मुलाला नोकरी लागली त्या उन्हाळ्यात. आमचे हे पुढच्या हिवाळ्यात गेले, सकाळी, अंगणात खुर्चीवर. मधली तेव्हा धाकटीच्या हाती, माल घेऊन घाटात होती.