कलेजीचा मान

"खा की, टोर्बेन. कशाची वाट बघतोस?"

इवालूने सीलची ताजी, अजून ऊन असलेली कलेजी त्याच्यापुढे सरकवली. सील नुकताच फाडला होता, सगळा शेजार खोलीत जमला होता. कलेजीवर पहिला हक्क पाहुण्याचा, नाहीतर पोटुश्या बाईचा. हा मान गावात कुणी नाकारत नाही. टोर्बेनने सुरी उचलली आणि परत खाली ठेवली.

"मी आत्ताच जेवलोय, इवालू."

"असू दे. पोट भरलेला माणूसही आमच्याकडे एक घास खातो. इतकी वर्षं येतोस, एवढं शिकला नाहीस?"

दर वसंतात तो डेन्मार्कहून बर्फ गोळा करायला यायचा. हिवाळ्याची लांबलचक रात्र संपून सूर्य परतला की हवेतला पारा बर्फावर कसा उतरतो, उन्हाने थोडा पुन्हा हवेत कसा जातो, उरलेला पारा बर्फ वितळताना समुद्रात, माशात, सीलमध्ये कसा पोचतो, हे त्याने याच खोलीत हातवारे करून सांगितलं होतं. इवालूला दिवस गेले तेव्हा त्याने तिचे केसही तपासायला नेले. पुढे मूग गिळून बसला, आणि ती मानाची कलेजी खात राहिली. लेक उशिरा चालली, बोलली त्याहून उशिरा. 'पोटुश्या बायांनी कलेजी खाऊ नये, त्यातला पारा पोटातल्या बाळाला बाधतो' असं सांगणारी नर्स आली, तेव्हा लेक चार पावलांत दोनदा पडत होती. त्या दिवसापासून इवालूने हा घास त्याच्यासाठी राखून ठेवला होता.

"हवेतून बर्फात, बर्फातून हवेत, सगळं सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्या केसांत काय निघालं ते सांग. सगळ्यांसमोर. नाहीतर खा."

टोर्बेनचा चेहरा उतरला. "पारा खूप निघाला होता. पण एकीवरून कसं सांगणार? आकडे पक्के व्हायचे होते."

"आणि तू कलेजी कधी सोडलीस?"

"त्याच वर्षी."

त्याला बर्फावर नेणारा म्हातारा मसाउना मामा हातातलं हाड ठेवून उठला. "उद्यापासून तुझ्यासाठी माझी कुत्री बर्फगाडीला जुंपणार नाही. गावात दुसरंही कुणी जुंपणार नाही. बर्फ हवाय ना? माझ्या दारातला ने, कुत्री मुततात तिथला."

टोर्बेन मान खाली घालून गेला. इवालूचा जीव थंडावला, आणि ते तिने लपवलंही नाही.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या लेकीने थरथरत्या हाताने कलेजीचा तुकडा उचलला. तिला इवालूच्या आईचं नाव ठेवलेलं, म्हणून रीतीप्रमाणे इवालू तिला आईच म्हणायची.

"नको, आई."

"पाहुण्याने... नाही खाल्ली," लेक सावकाश म्हणाली. "मग माझी."

इवालूने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि कलेजी टाकून द्यायला बाहेर गेली.