वेदनेचा रकाना

“झोप लागते का, काका?”

“दोनदा उठतात,” दीपमाला म्हणाली.

“भूक?”

“दोन चमचे भात. तोही मी मागे लागते म्हणून.”

इंदुबाईंनी पेन खाली ठेवलं. “ताई, मी काकांना विचारतेय.”

झालं. दीपमालाचं डोकंच फिरलं. बरं न होणाऱ्या माणसांना घरी येऊन बघणारी ही नर्स आठवड्यातून अर्धा तास उगवणार, आणि वर दीपमालालाच शिकवणार. कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन दोन महिने कोण राबतंय इथे? मागच्या वेळी दिलेला फॉर्मही तिने सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. वेदना : नाही. रुग्णाची इच्छा : मुलीजवळ राहणे.

इंदुबाईंनी तो वाचला आणि दुसरा, कोरा फॉर्म दीपमालाच्या वडिलांच्या, महिपतींच्या मांडीवर ठेवला.

“त्यांना पेन धरवत नाही हो.”

“मला घाई नाही.”

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या, कॅन्सरने अर्ध्यावर आलेल्या महिपतींनी पाच मिनिटं घेतली आणि एक ओळ लिहिली. दीपाने उद्यापासून ऑफिसला जावं.

“अण्णा, हे काय?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“आणि तुमच्याजवळ कोण?”

“रावसाहेब येईल.”

रावसाहेब, म्हणजे कारखान्यातला दोस्त. ज्यांना औषध-गोळ्यांतलं काडीचं कळत नाही ते. रविवारी ते आले की अण्णा, फ्रिजमध्ये दोन पिशव्या असतानाही, हिला दूध आणायला पिटाळायचे. राबायचं हिने, आणि हवा कोण तर रावसाहेब.

सकाळी तिने गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि दार जरा जोरातच ओढलं. खाली पार्किंगमध्ये रावसाहेब समोर आले.

“जा निवांत. चारपर्यंत आहे मी.”

“राहा की, काका. माझाच त्रास होतोय त्यांना.”

रावसाहेब घुटमळले.

“त्रास नाही गं. तुझ्यासमोर त्याला कण्हता येत नाही. रविवारी तुला दुधाला पाठवतो ना, तेवढ्यात कण्हून घेतो.”

ते जिना चढून गेले. दीपमाला स्कूटरपाशी किल्ली धरून उभी राहिली. मग तिने इंदुबाईंना फोन लावला.

“पहिल्या फॉर्मवर वेदनेपुढे ‘नाही’ आहे. ते मी लिहिलंय. आज येऊन त्यांना विचाराल?”

“अकराला येते. तुम्ही असाल ना?”

तिने वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी ऑफिसला गेलेय.”